सुमनताईंचं जाड ऊन

ऊन पातळ असतं आणि जाड असतं, हे मला सुमनताई राऊतांनी शिकवलं. त्याआधी मला उन्हाचे दोनच प्रकार ठाऊक होते, लागणारं आणि न लागणारं. आता आम्ही कोल्हापूरला परत आलोय, पण थंडी सरायला लागली आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की माझा हात आपोआप पुढे होतो, तळवा वर करून. मी ऊन जोखत असते. शेजारीण विचारते, पाऊस बघताय का. मी हो म्हणते. खरं सांगायला बसले तर सगळी दुपार जाईल.

वसईच्या एका शाळेत आम्ही बरोबर होतो. मी गणित शिकवायचे, त्या शिवण. मी लग्न होऊन शेजारच्या आचोळ्याला आलेली, घाटावरची, सगळ्या गोष्टींची घाई असलेली. त्या वसईच्याच, वाडवळ घरातल्या, वाडीत जन्मल्या आणि वाडीतच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर हसून "राहून गेलं" म्हणायच्या. ब्लाउजची काजं करायची राहून जावीत, तसं.

ठेंगणी मूर्ती, सुती साडी, खांद्यावरच्या पदरात टोचलेली दोरा ओवलेली सुई. बोलणं इतकं सावकाश की मधल्या सुट्टीत सुरू केलेलं वाक्य कधीकधी शाळा सुटताना पुरं व्हायचं. व्हरांड्यातून चालताना त्या मधेच थांबायच्या आणि फरशीवर पडलेल्या उजेडाच्या पट्ट्यात पाऊल ठेवून उभ्या राहायच्या. मुली मागे त्यांना सूर्यफूल म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

थंडीच्या शेवटी शेवटी त्यांची रजा सुरू व्हायची. आदल्या दिवशी त्या खिडकीतून हात बाहेर काढायच्या, बोटं हलवायच्या आणि म्हणायच्या, "उद्यापासून ऊन जाड होणार." दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज. कारण, घरगुती. मुख्याध्यापक अर्ज वाचत नसत. खिडकीतून एकदा आभाळाकडे बघत आणि सही करत. सुमनताईंचा तास मग बहुतेकदा माझ्या गळ्यात पडायचा. मला तुरपाई शिकवता येत नसल्यामुळे मी पाढे घ्यायचे, आणि मुली सुमनताईंच्या नावाने उसासे टाकायच्या.

हे सगळं कशासाठी, तर सुकेळीसाठी. माझ्यासारख्या घाटावरच्यांना सांगायला हवं. वसईच्या वाड्यांत राजेळी नावाचं केळं होतं. होतं म्हणते, कारण आता शोधावं लागतं. चांगलं लांब, भरदार, जाड सालीचं. त्याचा लोंगर, म्हणजे घड, पिकवायचा, केळी सोलायची आणि अख्खीच्या अख्खी चटईवर उन्हात मांडायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून केळीच्याच वाळक्या पानांत गुंडाळून टोपलीत निजवायची. सकाळी पुन्हा उन्हात. अशी सात जाड, दमदार उन्हं दिली की केळं आक्रसतं, मधाच्या रंगाचं होतं आणि आतल्या आत स्वतःचाच पाक करून घेतं. साखर नाही, गूळ नाही, चूल नाही. मग ती सुकेळी केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, आवळून बांधायची. झाला पुडा. तो महिनोन्‌महिने टिकतो. राऊतांच्या घरी अक्षय्य तृतीयेला सगळं कुटुंब जमायचं, त्या दिवशी पुडे सोडायचे, सुकेळी तुपावर हलकेच परतायची, वर नारळाचं घट्ट दूध आणि वेलची. त्यांच्याकडे त्या सणाला याशिवाय दुसरं गोड कधी झालंच नव्हतं म्हणे.

पहिल्या वर्षी सुमनताईंनी मला एक पुडा दिला तेव्हा यातलं मला काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त "घरी ने गं बाय" एवढंच सांगितलं. वाळकी सोपटं, वरून सोपटाचीच दोरी, घट्ट गाठ. हे काहीतरी पूजेचं असणार असं समजून मी तो देवघरात ठेवला आणि रोज हळदकुंकू वाहिलं. आठवड्याने मुंग्यांची रांग देवाकडे निघाली, तेव्हा नवऱ्याने पुडा सोडला. आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच तो संपवला. नंतर सुमनताईंना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, "हळदीकुंकवासकट खाल्लात ना? मग हरकत नाही."

त्यानंतर दर वैशाखात आमच्याकडे पुडे यायला लागले. एक नाही, चांगले चार-पाच. शाळेच्या शिपायाकडे, डॉक्टरांकडे, पोस्टमनकडेही जायचे. मला वाटायचं, बाई दानशूर आहे. एवढे कष्ट करायचे आणि वाटून टाकायचं. खरी गोष्ट कळायला मला काही वर्षं लागली.

राऊतांच्या घरची एक रीत होती. पुडा बांधायचा घरातल्या धाकट्या लेकीने, म्हणजे सुमनताईंनी, आणि सोडायचा घरातल्या थोरल्या माणसाने. जिने बांधला तिने गाठीला हात लावायचा नाही. थोरल्याने गाठ सोडल्याशिवाय कुणी खायचं नाही. वडील होते तोवर वडील सोडत. ते गेल्यावरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला पुडा थोरल्या भावाच्या, दादांच्या हातात आला. गाठ सोडता सोडता दादांनी सांगितलं की वाडीचा दक्षिणेकडचा अर्धा भाग, जो त्यांच्या वाट्याचा, तो त्यांनी बिल्डरला दिला. आणि आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या सुमनताई सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "मग या गाठीला हात लावू नकोस. हे घर तुझं नाही आता." दादांनी पुडा खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेले. कामणच्या अलीकडे, चिंचोटीला त्यांनी घर बांधलं. पावसाळ्यात निम्मी मुंबई धबधबा बघायला चिंचोटीला जाते. सुमनताई कधी गेल्या नाहीत, आणि दादा परत आले नाहीत.

पण रीत होती तिथेच राहिली. पुढच्या वर्षी सगळे जमले, पुडे मधोमध ठेवले आणि सोडायला थोरलं माणूस नाही. मधला भाऊ सुधाकर, जो त्याच घरात खाली राहायचा, म्हणाला, आता मीच थोरला समज. सुमनताईंनी ऐकलं नाही. कुणाला बोलल्या नाहीत, रागावल्या नाहीत, फक्त नाही म्हणाल्या. त्या दिवशी डेअरीतून श्रीखंड आलं. तेव्हापासून दरवर्षी श्रीखंडच. एकदा पुतण्याने गंमत म्हणून कात्री आणली, तर सुमनताईंनी पुडे उचलून मांडीवर घेतले आणि सगळं जेवण तसंच जेवल्या. त्यानंतर कुणी गंमत केली नाही. सण झाला की ते न सोडलेले पुडे बाहेर वाटले जायचे, कारण घरात कुणाला खाता यायचे नाहीत.

म्हणजे आम्ही इतकी वर्षं त्या भांडणाची फळं खात होतो.

मला राग आला होता त्यांचा. मी माझ्या स्वभावाला धरून सरळ म्हटलं, अहो, एक फोन करा की. चूक तुमचीही होती. त्यांनी मान डोलावली. "माझीच होती," म्हणाल्या, "का विकलीस, ते विचारलंसुद्धा नाही मी." मग फोन का नाही करत? बऱ्याच वेळाने, आम्ही दुसरंच काही बोलत असताना म्हणाल्या, "घर तुझं नाही म्हटलं मी. आता ये घरी, असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

त्यांच्या गच्चीवरचा एक रविवार मला कायमचा आठवतो. मी नवऱ्याला आणि पोराला घरी ठेवून गेले होते. खाली बावखल, म्हणजे वाडीतलं जुनं तळं, त्यावर माडांच्या सावल्या. वर चटयांवर केळ्यांच्या रांगा आणि सगळीकडे मधासारखा वास. सुमनताई शाळेच्या क्रीडादिनाची कापडी टोपी घालून कावळे राखत बसलेल्या, हातात बांबूची काठी. ती त्यांनी कधी कावळ्यावर उगारलेली मी पाहिली नाही. कावळा आला की त्या त्याला "अजून नाही झाली रे" असं सांगायच्या, आणि कावळाही जरा वेळ विचार करून उडून जायचा. मधूनच उठून त्या एकेक केळं कुशीवर वळवायच्या. झोपलेल्या पोराला वळवतात, तितक्या हलक्या हाताने. मधमाश्या गुणगुणत होत्या. दूर कुठेतरी चर्चची घंटा झाली. मला पेंग आली. अर्धवट जागेपणी मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. लहानपणी त्या आणि दादा इथेच राखणीला बसत. दादा सांगायचा, एक डोळा माझा, एक तुझा. आणि आपला डोळा मिटून घोरायला लागायचा. मग त्या दोन्ही डोळ्यांनी राखायच्या, केळी आणि दादा दोन्ही. "तो जागा झाला की म्हणायचा, बघ, मी राखली म्हणून एक कमी झालं नाही." मी डोळे उघडले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं आणि सुमनताई टोपीखालून दक्षिणेकडे बघत होत्या. तिथे दादांच्या वाटणीच्या जमिनीवर पत्र्याचं कुंपण होतं आणि आत गवत वाढलं होतं. किती तरी वर्षं तिथे काहीच होत नव्हतं. सुमनताईंना मनातून वाटत असावं की काही होणारच नाही.

मग एका दसऱ्याला पत्र्याआड यंत्रं आली. इमारत चढायला लागली. सुमनताईंनी कटकट केली नाही, धूळ-आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही. पण हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून जातो, हे मला गणिताच्या बाईला सुचलं नव्हतं. त्यांना मात्र दसऱ्यापासून माहीत होतं. शाळेच्या व्हरांड्यात उभ्या राहून त्या हाताने काहीतरी मोजायच्या, मजला आणि सूर्य, सूर्य आणि मजला.

त्या फेब्रुवारीत त्यांनी नेहमीसारखी रजा घेतली. दोन उन्हं नीट मिळाली. मधे इमारतीचा वरचा स्लॅब ओतला गेला आणि त्यावर हिरवी जाळी चढली. तिसऱ्या दिवशी, ऐन जाड उन्हाच्या वेळी, गच्चीवर सावली आली. केळी अर्धी वाळलेली, अर्धी ओली. अशा वेळी ऊन चुकलं तर ती आंबतात. चौथ्या दिवशीही तेच. त्या दिवशी रविवार होता. मला फोन आला. सुमनताईंचा फोन म्हणजे नवल, आणि त्यात एकाच दमात पुरं केलेलं वाक्य. "रिक्षा घेऊन ये, चिंचोटीला जायचंय."

मी पोचले तेव्हा त्या दोन टोपल्या घेऊन दारात उभ्या होत्या. वरून पांढरा पंचा बांधलेला. डोक्यावर तीच क्रीडादिनाची टोपी. हायवे ओलांडून रिक्षा डोंगराच्या बाजूला वळली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा गार पडला होता. त्या हाताने त्या आयुष्यभर ऊन जोखत आल्या होत्या. मला रडू यायला लागलं, म्हणून मी रिक्षावाल्याला उगाचच हळू चालव म्हणून दटावलं.

दादांचं घर छोटं, पुढे मोठं मोकळं अंगण. अंगणभर ऊन. दादा रबरी पाइपने झाडांना पाणी घालत होते. पांढरे केस, बहिणीसारखीच ठेंगणी चण. कुंपणाला लागून केळी होत्या. मला सगळ्या केळी सारख्याच दिसतात, पण सुमनताई जागीच थांबल्या. "राजेळी लावलीय गं त्याने," त्या पुटपुटल्या.

दादांनी वळून पाहिलं. आधी टोपल्यांकडे, मग बहिणीकडे. पाइपातलं पाणी एकाच आळ्यात पडत राहिलं. मी एक टोपली घेऊन फाटकाबाहेर उभी. पुढचं बोलणं त्यांच्या वाडवळी बोलीत झालं, ते मी माझ्या मराठीत सांगतेय.

"दादा, घरावर सावली आली," सुमनताई म्हणाल्या.

कसली सावली, हे दादांना सांगायला नको होतं. त्यांनी मान खाली घातली.

"पाच दिवस ऊन देशील?"

दादांनी नळ बंद केला. हात लुंगीला पुसले. फाटकाशी येऊन पंचाची गाठ सोडली आणि एक केळं बोटांनी दाबून पाहिलं. "तिसरं ऊन का?"

"दुसरं. तिसरं मिळालं नाही."

"आण इकडे," दादा म्हणाले. "आंबतील."

एवढंच. इतक्या वर्षांनंतर एवढंच. दोघांनी मिळून चटया अंथरल्या. कुणी कुणाला सांगत नव्हतं आणि हात चुकत नव्हते. एकजण डावीकडून मांडत होता, एकजण उजवीकडून, मधे रांग जुळत होती. सगळी केळी मांडून झाल्यावर सुमनताई तिथेच उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, त्या दिवशी मी जे बोलले..."

"कावळा बघ," दादा म्हणाले.

कावळा खरंच आला होता. सुमनताई त्याच्याकडे वळल्या आणि त्याला काही सांगायचं सोडून ओक्साबोक्शी रडू लागल्या. दादांनी कावळ्याला हाकललं. मग बहिणीच्या डोक्यावरची टोपी सरळ केली आणि तिच्या शेजारी बसून राहिले. मी रिक्षात जाऊन बसले. तिथे माझं काही काम नव्हतं.

सुमनताई तिथेच राहिल्या. सोमवारी सुधाकरभाऊंच्या हाती रजा वाढवण्याचा अर्ज आला. त्यावर घरगुती नव्हतं. कारण, भावाकडे. मुख्याध्यापकांनी तो अर्ज पहिल्यांदाच नीट वाचला, आभाळाकडे न बघता सही केली आणि मला बोलावून विचारलं, खरंच का. मी हो म्हटलं. त्या आठवड्यात तुरपाईच्या तासाला मी मुलींना पाढे म्हणायला लावले नाहीत.

वैशाख आला. अक्षय्य तृतीया झाली. आमच्याकडे पुडा आला नाही. दोन दिवस गेले, चार दिवस गेले. नवरा म्हणाला, विसरल्या असतील. मला ते पटेना, कारण दादा सणाला आले की नाही ते मला ठाऊक नव्हतं, आणि सुमनताई विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याच महिन्यात आम्ही वसई सोडणार होतो. नवऱ्याची बदली झाली होती आणि सामान बांधून व्हायचं होतं. ते तसंच टाकून मी गेले.

सुमनताई मागच्या अंगणात मोठं पातेलं घासत होत्या. मला पाहून राखेचे हात तसेच ठेवून उठल्या. डोक्यावर काही नव्हतं. घरच्या उन्हात मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच पाहत होते.

"या वर्षी तुला काही नाही गं," त्या म्हणाल्या. "सगळी संपली."

मी पायरीवर बसले. त्याच सांगत राहिल्या, त्यांच्या त्या सावकाश चालीत. दादांनी पुडा घेतला, पण गाठ सुटेना. पोरं कंटाळली. सुधाकर म्हणाला, मी मदत करतो. दादा नको म्हणाले. "आणि मी एवढी घट्ट बांधली होती मेली. सोडता येत होती मला, पण हात मांड्यांखाली दाबून बसले." मग सुटली. मग दुसरा पुडा, मग तिसरा. दादा थांबेनातच, सगळे सोडले. तूप संपलं, नारळ संपले, पोरांनी पातेलं चाटून पुसून ठेवलं. "श्रीखंड तसंच राहिलं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

कोपऱ्यात रिकामी सोपटं रचून ठेवली होती. त्यातलं एक त्यांनी मला दिलं. त्याची दोरी कापलेली नव्हती, सोडलेली होती आणि जिथे गाठ होती तिथे तिला अजून वाक होता. मी ते नाकाशी धरलं. मधाचा, तुपाचा आणि त्या गच्चीवरच्या दुपारचा वास आला.

निघताना मी विचारलं, टोपी कुठे गेली.

"दादाकडे ठेवलीय," त्या म्हणाल्या. "पुढच्या थंडीत लागेलच ना मला तिथे."

फाटकातून वळून पाहिलं तेव्हा त्या पुन्हा पातेल्याशी बसल्या होत्या. इमारतीची सावली अंगणात उतरली होती आणि त्यांच्या पाठीपर्यंत आली होती. त्यांना तिची काही पर्वा नव्हती.